सोमवार-गुरुवारची पाळी

चष्मा, किल्ल्या आणि खिशातली डायरी माझ्या हातात देऊन गुरुजी वजनकाट्यावर उभे राहतात. ६१.४. गुरुवारी इथून जाताना ५८ होते.

"तीन किलो चारशे," सिस्टर मोठ्यानं वाचते आणि फाइलवर आकडा टाकते. "काय पिलात एवढं?"

"पाणी नाही पिलो बाई. कलिंगड खाल्लं."

"मग ते काय कोरडं असतंय?"

रांगेतले सगळे हसतात. मे महिन्यातला सोमवार आहे. सकाळचे पावणेसात वाजलेत आणि व्हरांड्यावरचा पत्रा आत्तापासूनच करकरतोय. सोमवार-गुरुवारवाल्यांना सोमवार नेहमीच जड जातो, कारण गुरुवारनंतर मधे चार दिवसांची फट पडलेली असते. कुणाचे पाय सुजलेत, कुणाच्या डोळ्यांखाली पाणी साचलंय. एका बाईला रात्रभर आडवं होता आलेलं नाही, ती भिंतीला टेकून श्वास मोजून घेतेय. इथल्या बहुतेकांना लघवी जवळजवळ होतच नाही. चार दिवसांत पोटात गेलेला घोट न् घोट अंगातच आहे आणि तो आता चार तासांत यंत्रानं बाहेर काढायचाय.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयाचा हा डायलिसिस विभाग. गुरुजी आमच्या गल्लीतले, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, म्हणून त्यांना आणा-न्यायचं काम गल्लीनं वाटून घेतलंय. आज मी.

आत नऊ यंत्रं आहेत. एकावर 'बंद' असा कागद डकवलाय. होळीच्या सुमाराला त्याचा कुठला तरी भाग गेला, कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, भाग अजून यायचाय. दुसऱ्या एकाला पिवळी चिकटपट्टी लावलीये. ते 'बी' प्रकारच्या कावीळवाल्यांसाठी राखीव. उरली सात. सात खाटा, सात पंखे आणि दाराशी एक एसी, जो चालू आहे हे फक्त आवाजावरून कळतं.

टेक्निशियन तिशीचा आहे, कंत्राटी. सगळे त्याला दादा म्हणतात, अडुसष्ट वर्षांचे गुरुजीसुद्धा. तो गुरुजींचा डावा हात उताणा ठेवतो आणि मनगटाच्या वर दोन बोटं टेकवून क्षणभर थांबतो. तिथं शीर आणि रोहिणी ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्याला फिस्टुला म्हणतात.

"लाव हात," गुरुजी मला म्हणतात.

करंगळीएवढ्या फुगलेल्या शिरेत कातडीखाली काहीतरी अखंड थरथरतंय. ही थरथर आहे तोवर फिस्टुला जिवंत. गुरुजी रोज निजताना मनगट कानाशी धरून तिचा आवाज ऐकतात आणि मगच दिवा घालवतात. फिस्टुला बंद पडली तर नवी करायला मोठ्या शहरात जावं लागतं, आणि हाताला जागा तरी किती असणार? दादा सोळा नंबरची सुई काढतो. आपण रक्त तपासायला देतो त्या सुईपेक्षा ती चांगलीच जाड असते. एक खाली, एक वर. गुरुजी पंख्याकडे बघतात. लाल टोपणाच्या नळीतून रक्त निघतं, पंपाचं चाक गरगरायला लागतं आणि पारदर्शक नळकांड्यातले बारीक पांढरे धागे बघता बघता लाल होतात. त्या नळकांड्याला इथं सगळे 'किडनी'च म्हणतात. त्यावर मार्करनं गुरुजींचं नाव लिहिलंय, कारण ती धुऊन पुन्हा त्यांनाच लावायची असते. पडद्यावर चार तासांचं घड्याळ उलटं चालू होतं.

"जा आता तू चहा पिऊन ये," गुरुजी म्हणतात. "माझ्या वाटचाही पी."

व्हरांड्यात आतल्यापेक्षा जास्त माणसं आहेत. जेवणाचे डबे, सतरंज्या, फाइली. त्यात दोन जाती लगेच ओळखू येतात. ज्यांचा माणूस आत आहे ते निवांत पाय पसरून बसलेत; कुणी मोबाइलवर कीर्तन ऐकतंय, कुणी झोपलंय. ज्यांचा माणूस बाहेरच आहे ते दाराजवळ उभे. दार उघडलं की त्यांच्या माना एकदम वळतात.

दाराला सगळ्यात चिकटून एक बहीण-भाऊ आहेत. ती तिशी-बत्तिशीची. मानेच्या उजव्या बाजूला पांढरी पट्टी आणि तिच्याखालून लोंबणाऱ्या दोन छोट्या नळ्या, एक लाल टोपणाची, एक निळ्या. पदरानं ती त्या झाकते, पदर घसरतो, ती पुन्हा झाकते. भावाच्या हातात कापड दुकानाची जाड प्लॅस्टिक पिशवी, आत फाइल. तालुक्याच्या पलीकडल्या गावाहून पहाटे मोटारसायकलवर आलेत. महिन्यापूर्वी तिला दम लागून शेजारच्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात नेलं होतं. तिथं मानेत नळी टाकली, चार डायलिसिस केले, ती उठून बसली. मग कार्डावर लिहून दिलं की पुढचे आपल्या जिल्ह्याला करून घ्यावेत.

"खाजगीत गेल्ता का?" मी भावाला विचारतो.

"दोन्हीकडं जाऊन आलो. योजनेत बसतंय म्हणले. पण योजनेच्या जागा भरल्यात म्हणायलेत. रोख देणार असाल तर उद्या सकाळी या, म्हणले." तो पिशवीची गाठ सोडतो, पुन्हा मारतो. "आठवड्याला दोनदा रोख कुठून आणावं?"

ही योजना म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढल्या वर्षी राज्यभर गेली, नंतर तिचं नाव बदललं. आधी दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट होती. जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख, आणि शिधापत्रिकेचा रंग कुठलाही चालतो. खालच्या मजल्यावर आरोग्यमित्राच्या टेबलामागे हे सगळं मोठ्या फलकावर लिहिलंय. फलक खोटा नाही. भावाकडे कार्ड आहे, कार्डावर बहिणीचं नाव आहे, पाच लाखांतला एक रुपयाही अजून खर्च झालेला नाही. पैसा मंजूर आहे. यंत्रं सात आहेत.

दार उघडतं. दादा हातमोजे काढत बाहेर येतो.

"दादा, आमचा नंबर कितवा झाला?"

लाल कापडी बांधणीचं लांबडं रजिस्टर. पुढल्या बाजूनं रोजच्या पाळ्या लिहिलेल्या असतात, मागच्या बाजूनं उलटं धरून प्रतीक्षेतली नावं. दादा पान उघडतो, बोट वरून खाली आणतो. "अकरा."

"मागल्या टायमाला बी अकराच सांगितलं होतं की."

"मधे जागा झाली नाही."

"मग कवा व्हईल?"

"सांगता येत नाही भाऊ. दोन-तीन दिवसांनी फोन करा, बघू."

भाऊ मान हलवतो पण जागचा हलत नाही. दादा दोन्हीकडं बघतो, त्याला जरा बाजूला घेतो आणि आवाज खाली आणतो. मी खांबाच्या इकडच्या अंगाला आहे, मला सगळं ऐकू येतं. "हे बघा. रात्री दम लागला, झोपता येईना, छातीत धडधडलं, तर कुणाला विचारत बसू नका. सरळ कॅज्युअल्टीला आणा. इमर्जन्सीत घ्यावंच लागतं. रात्री तिसऱ्या पाळीनंतर मी थांबून करतो. तिथं नंबर लागत नाही."

भाऊ हे नीट ऐकून घेतो. एस.टी.चं वेळापत्रक विचारावं तसं तो पुन्हा एकदा विचारून खात्री करतो: किती दम लागला की आणायचं?

डॉक्टर माणसाला सांगतो की त्रास वाढायच्या आत या. हा भला मुलगा सांगतोय की वाढल्यावर या. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदय कधी थांबेल याचा भरवसा नसतो, आणि गाव साठ किलोमीटरवर आहे. पण दादाच्या हातात देण्यासारखं एवढंच आहे आणि ते तो देतोय, स्वतःच्या झोपेतून काढून.

सव्वानऊला टँकरवरून आरडाओरडा सुरू होतो. आरओच्या खोलीतला मामा दोनदा गेटपर्यंत जाऊन आलाय. यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर पाणी जातं, म्हणजे एका माणसाच्या चार तासांना एकशेवीस लिटर. ते अतिशुद्ध लागतं, आणि तेवढं शुद्ध मिळवायला आरओ बरंच पाणी बाजूला टाकून देतो. म्हणजे टाकीत त्याहून पुष्कळ जास्त पाहिजे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. आत ज्यांना दिवसाला जेमतेम पाऊण-एक लिटर प्यायची मुभा आहे, बर्फाचा खडा जिभेवर धरून जे दुपार काढतात, त्यांच्यासाठी बाहेर टँकरची वाट बघायची. टँकर आला नाही तर दुसरी पाळी पुढं सरकते, तिसरी मध्यरात्रीपर्यंत जाते. मामा शेवटी ड्रायव्हरला फोनवर आईवरून काहीतरी बोलतो आणि दहा मिनिटांत टँकर येतो.

तेवढ्यात भावाला काचेतून पिवळ्या पट्टीचं यंत्र दिसलेलं असतं.

"सिस्टर, ते एक रिकामंय की."

"ते पॉझिटिव्हचंय."

"कशाचं?"

सिस्टर समजावते. कावीळ-बीचा विषाणू रक्तातून पसरतो आणि यंत्रावर, खाटेवर बरेच दिवस तग धरतो. म्हणून त्या पेशंटचं यंत्र वेगळं ठेवायचा नियम आहे, आणि डायलिसिसच्या खोल्यांतून कावीळ पसरल्याची उदाहरणं जगभर इतकी झालीत की या नियमाशी कुणी वाद घालू नये. इथं असे पेशंट तीन. त्यांच्या पाळ्या झाल्या की उरलेला आठवडा ते यंत्र नुसतं उभं असतं. भाऊ सगळं ऐकून घेतो, "बरोबर हाय" म्हणतो आणि पुन्हा काचेतून त्याच यंत्राकडे बघत राहतो. मीही बघतो. चांगलं चालू यंत्र आहे, पडदा हिरवा.

मी आत गुरुजींशेजारी स्टूल ओढून बसतो. शेजारच्या खाटेवर चोवीस वर्षांचा पोरगा आहे, आयटीआय झालेला. आई किडनी द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. म्हणून त्याचं नाव संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समितीच्या यादीत आहे. मेंदू मृत झालेल्या दात्याची किडनी मिळेल त्यासाठी. त्या यादीचं त्याला सगळं पाठ आहे. डायलिसिसवर किती महिने झाले त्याचे गुण, लहान मूल असेल तर जादा गुण, हातातल्या फिस्टुला एकामागून एक निकामी झाल्या असतील तर त्याचेही गुण. "आपले किती गुण झाले ते मोजता येतं," तो म्हणतो. रांग लांब आहे, आपल्याकडे अवयवदान किती होतं ते सगळ्यांना माहितेय. पण आपल्या पुढं कोण आहे आणि का आहे, हे त्याला विचारता येतं.

"आणि इथली जागा कशी मिळाली?"

"इथली काय, मिळाली." तो खांदे उडवतो. सुया असलेला हात हलत नाही.

गुरुजी डायरीतलं कोरं पान काढून माझ्यापुढं धरतात. गणिताचा माणूस. दिवाळीपर्यंत गुरुजींना आठवड्याला तीन पाळ्या मिळायच्या. जगभर तीनच प्रमाण मानतात. दिवाळीनंतर दोन झाल्या. कुणी कागद दिला नाही, कुणी सही घेतली नाही. एका सोमवारी सिस्टर म्हणाली, आता गुरुवारी या.

"सात यंत्रं, दिवसाला तीन पाळ्या. एकवीस. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे एकशे सव्वीस पाळ्या. दर माणशी तीन धरल्या तर बेचाळीस माणसं. दोन धरल्या तर त्रेसष्ट." ते पेन्सिलनं त्रेसष्टखाली रेघ ओढतात. "बेचाळीस जणांची तिसरी काढली, त्यावर एकवीस नवे बसले. दोघांच्या तिसऱ्यात एक माणूस. माझी तिसरी आणि ह्या पोराची तिसरी मिळून तो कोपऱ्यातला ड्रायव्हर बसलाय बघ."

कोपऱ्यातला ड्रायव्हर घोरतोय.

"मग चुकलं का ते?" मी विचारतो.

"चुकलं कुठं म्हणतो मी? उत्तर बरोबरच आहे." गुरुजी डायरी मिटतात. "मला विचारलं असतं तर मीच दिली असती. निदान दिली असं म्हणता आलं असतं. आता नुसती गेली."

साडेदहाला डॉक्टर फेरीला येतात. फिजिशियन आहेत, किडनीचा तज्ज्ञ जिल्ह्याला नाही, आठवड्यातून एकदा बाहेरून येतो. डॉक्टर थकलेले पण बोलायला मोकळे आहेत. नंबर कसा लावता, असं मी सरळ विचारतो.

"येईल त्या क्रमानं."

"तीन पोरांची आई असो की ऐंशीचे आजोबा?"

"मग काय करू? मी बसून ठरवू कोण जगायच्या लायकीचा?" ते चिडत नाहीत, पण चष्मा काढून पुसतात. "क्रम आंधळा असतो, म्हणूनच बरा असतो."

हे म्हणणं मला पटतं. पटेपर्यंत टेबलावरचा फोन वाजतो. डॉक्टर उचलतात, सरळ उभे राहतात. "हो साहेब. हो. नाही, फुल आहे, पण... हो साहेब, पाठवून द्या, बघतो." फोन ठेवून ते दादाकडे बघतात. दादा रजिस्टर उलटं करून मागचं पान उघडतो आणि समासात पेन्सिलनं एक नाव लिहितो. नंबर घालत नाही. बाकी सगळी नावं निळ्या शाईत आहेत. मग तो लगबगीनं तिसऱ्या खाटेचा अलार्म बंद करायला जातो. मी तिथं आहे हे त्याला माहीत आहे.

गंमत अशी, की यंत्र कमी आणि माणसं जास्त ही अडचण यंत्राच्या जन्मापासूनची आहे. १९६० साली सिअॅटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरनं हाताला कायमची नळी बसवायची युक्ती काढली आणि त्यामुळं एकाच माणसाचं वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. खाटा मोजक्या होत्या. मग तिथल्या केंद्रानं सात जणांची समिती नेमली: वकील, पाद्री, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. कोणाला यंत्र द्यायचं ते ठरवताना ही मंडळी लग्न, मुलंबाळं, नोकरी, चर्चला जाणं-येणं असलं सगळं बघायची. १९६२ साली 'लाइफ' मासिकात शाना अलेक्झांडर यांनी ते छापलं आणि गदारोळ झाला. दहा वर्षांनी अमेरिकेनं कायदा करून किडनी निकामी झालेल्या जवळजवळ सगळ्यांचा खर्च सरकारच्या अंगावर घेतला. त्या समितीचं मला काडीचंही कौतुक नाही. चर्चला जाणाऱ्याच्या रक्ताला वेगळी किंमत देणारे ते लोक. पण शिव्या घालायला समोर सात माणसं तरी होती.

दुसरी गोष्ट दरबानची, आणि ती या व्हरांड्याच्या फार जवळची आहे. थियाग्राज सूब्रामनी हा ४१ वर्षांचा बेरोजगार माणूस. मधुमेह, हृदयविकार आणि निकामी किडन्या. तिथल्या अॅडिंग्टन या सरकारी रुग्णालयाचा लेखी नियम होता: यंत्रं थोडी आहेत, तेव्हा कायमचं डायलिसिस ज्यांचं प्रत्यारोपण होऊ शकतं त्यांनाच. याचं होऊ शकत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेच्या नव्या राज्यघटनेत लिहिलंय की तातडीचा उपचार कुणालाही नाकारता येणार नाही. त्याच्या आधारानं तो घटना न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर १९९७ मध्ये न्यायालयानं त्याचं म्हणणं फेटाळलं. निकालात न्यायमूर्तींनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या खटल्याचाही विचार केला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख या मजुराला कोलकात्यातली सरकारी रुग्णालयं एकामागून एक 'खाट नाही' म्हणून परत पाठवत गेली होती, आणि आपल्या न्यायालयानं सरकारला दोषी धरलं होतं. दरबानच्या बाबतीत न्यायमूर्ती म्हणाले, तो अपघात होता, ती खरी तातडी; जन्मभर आठवड्याला दोन-तीनदा लागणारं डायलिसिस ही तातडी नव्हे. सूब्रामनी त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला.

निकाल कठोर आहे, पण त्यात लपवाछपवी नाही. नियम लिहिलेला होता म्हणून त्याला आव्हान देता आलं, आव्हान दिलं म्हणून राज्याला आपली तिजोरी न्यायालयात उघडून दाखवावी लागली. इथं भाऊ कोणत्या कागदाला आव्हान देणार? अकरा या आकड्याला? दादाला? तो तर झोप मोडून थांबायला तयार आहे. नकाराचा निर्णय या इमारतीत कुणीच घेतलेला नाही. तो यंत्र दुरुस्त न झाल्यानं, तज्ज्ञाचं पद न भरल्यानं, टँकर उशिरा आल्यानं आपोआप झालाय, आणि शेवटी तोंडानं सांगायचं काम पंधरा-सोळा हजारांवर राबणाऱ्या कंत्राटी पोराकडं आलंय.

पावणेअकराला गुरुजींच्या पोटरीत गोळा येतो. चार दिवसांचं पाणी चार तासांत ओढलं की हे होतंच. ते दात आवळून पाय खाटेच्या कठड्यावर दाबतात, मी पोटरी चोळतो, सिस्टर सलाईनचा खटका उघडते. ब्लडप्रेशर नव्वदवर आलंय. "ओढ कमी कर," ती दादाला सांगते. शेवटी काटा ५८.५ दाखवतो. अर्धा किलो राहिलं ते राहिलं. सुया निघतात. गुरुजी कापसाचा बोळा अंगठ्यानं दाबून दहा मिनिटं गप्प बसतात. बोलायची ताकद या वेळी कुणालाच नसते.

दुसऱ्या पाळीसाठी यंत्रं आतून धुतली जातायत. सहा माणसं वजन करून उभी. पाचव्या खाटेचा माणूस नाही.

"ते काका लवकर येतात की नेहमी," सिस्टर म्हणते.

दादा फोन लावतो. वाजतो, कुणी उचलत नाही. पुन्हा लावतो. या वेळी कुणी तरी बाई उचलते. "हां, डायलिसिसमधून बोलतोय. काका निघालेत का?" मग तो बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहतो. "कधी? ... शनिवारी रात्री. ... बरं. ... नाही नाही, फाइल राहू द्या. बरं ताई."

तो रजिस्टर पुढच्या बाजूनं उघडतो, पट्टी ठेवून एका नावावर सरळ रेघ मारतो, बाजूला शनिवारची तारीख घालतो. सिस्टर एवढंच म्हणते, "चार दिवस फार होतात रे." मग ती चादर बदलायला घेते, कारण यंत्र वीस मिनिटांत तयार होणार आहे आणि ते रिकामं ठेवणं इथं कुणालाच परवडत नाही.

दादा दारात येतो. "त्या मानेत नळीवाल्या ताई आहेत का गेल्या?"

भाऊ पुढं होतो.

"आजच्यापुरती एक पाळी होतीय. आजच्यापुरती. कावीळ-बी, सी आणि एचआयव्हीचा रिपोर्ट आहे का? नसेल तर घेता येणार नाही."

भाऊ पिशवी जमिनीवर पालथी करतो. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शिधापत्रिकेची झेरॉक्स, मेडिकलच्या पावत्या, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. बहीणही खाली बसून कागद चाळायला लागते, मान वाकवता येत नाही म्हणून एकेक कागद डोळ्यांसमोर धरून. तीन महिन्यांच्या आतला रिपोर्ट लागतो. सापडतो, मेडिकल कॉलेजचा, महिन्याभरापूर्वीचा, तिन्ही निगेटिव्ह. दादा डॉक्टरांची सही आणायला धावतो. ती उठते, पदर सावरते, काट्यावर चढते. सिस्टर आकडा वाचते आणि कपाळाला हात लावते.

"दादा, म्हंजी आता आमची जागा झाली का?" भाऊ दारातून विचारतो.

"नाही. कायमची जागा एक नंबरला जाते. तुमचा आता दहावा."

"बरं."

समासातल्या पेन्सिलीच्या नावावर दादाचं बोट एकदा थांबतं. डॉक्टर टेबलापाशी आहेत, कागदावर मान घालून. ते वर बघत नाहीत. दादा बोट खाली सरकवून निळ्या शाईतल्या पहिल्या नावाचा नंबर लावतो आणि स्पीकर चालू करून फोन यंत्रावर ठेवतो, कारण दोन्ही हात त्या ताईंच्या नळीची टोपणं उघडण्यात गुंतलेत. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येतोय.

"जिल्हा रुग्णालयातून बोलतोय. तुमच्या वडिलांची जागा झालीय. सोमवार-गुरुवार, दुपारी बाराची पाळी. येत्या गुरुवारी या."

"कायमची का साहेब?"

"हो, कायमची."

ट्रॅक्टर बंद होतो. "देवच पावला बघा. पेढे घेऊन येतो साहेब, सगळ्यांना."

"पेढे नकोत," दादा म्हणतो. "तिन्ही रिपोर्ट आणा, ओरिजनल."